धरण गळतंय, पण पाणी कसं दिसतंय?

टेक्सासच्या रँचवर कुणी 'टँक' म्हणालं तर डोळ्यांसमोर सिंटेक्सची टाकी आणू नका, रणगाडा तर नाहीच नाही. इथे टँक म्हणजे ओढ्यावर मातीचा बांध घालून गुरांसाठी अडवलेलं तळं. गंमत म्हणजे इंग्रजीतला हा शब्द, निदान काही अंशी, आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरच्या 'टांकं', 'टाकं' या शब्दावरून पोर्तुगीजांच्या हातून पुढे गेला असं शब्दकोश सांगतात. म्हणजे शिवनेरीवरच्या गंगा-जमुना टाक्यांचा एक दूरचा नातेवाईक इथे कुरणात बसून गुरांना पाणी पाजतोय.

गेली तीन वर्षं मी या टँकांच्या बांधांवरून चालते आहे. पीएचडीचा विषय कुणी विचारला की मी सांगते, "जुनी, लहान, खाजगी मातीची धरणं कशी फुटतात." पुढचा प्रश्न ठरलेला असतो: लहान का? मोठ्या धरणांवर का नाही काम करत? मोठ्या धरणांकडे बघायला माणसं नेमलेली असतात, हे त्याचं सगळ्यात सरळ उत्तर. लांब उत्तर द्यायला एक धरणच दाखवावं लागेल.

हे धरण एका सत्तरी ओलांडलेल्या रँच-मालकाचं आहे. त्यांचं नाव सांगणार नाही, गावही नाही. टेक्सासमध्ये १९५० ते १९५७ असा जो भयंकर दुष्काळ पडला, त्यात त्यांच्या वडिलांनी बुलडोझर भाड्याने आणून हा बांध घातला. उंची साधारण २२ फूट, लांबी दीडशे मीटरच्या आसपास. पूर्ण भरला की सुमारे ९० एकर-फूट पाणी मावतं. एक एकर-फूट म्हणजे एक एकर जमिनीवर एक फूट उभं पाणी, म्हणजे १२ लाख ३३ हजार लिटर. आपल्याकडच्या हिशेबात सांगायचं तर या एका तळ्यात दहा हजार लिटरचे अकरा हजार टँकर भरतील. आणि तरीही इथल्या लोकांच्या लेखी ते डबकंच आहे.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा आजोबांनी (मनातल्या मनात मी त्यांना आजोबाच म्हणते, तोंडावर 'सर') धरणाच्या पायथ्याशी नेलं आणि एक ओली जागा दाखवली. पाण्याची बारीक धार तिथून वाहत होती, भोवती हिरवंगार गवत. "हे माझ्या लहानपणापासून गळतं," ते म्हणाले, "आणि धरण अजून उभं आहे. आता सांग, सुरक्षित आहे का नाही?"

सरकारी कागदावर या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलात तर 'लो हॅझर्ड' असं लिहिलेलं सापडेल. कमी धोका. आजोबांनाही हे माहीत होतं आणि त्यावर त्यांची भिस्त होती. माझं अर्धं काम हे दोन शब्द समजावून सांगण्यात जातं, कारण जवळपास प्रत्येक मालक ते चुकीचे वाचतो.

'हॅझर्ड' हा शब्द धरणाच्या तब्येतीबद्दल काहीच सांगत नाही. फुटलंच, तर खाली काय आहे, एवढंच तो सांगतो. खाली नुसतं कुरण असेल तर लो. माणसं मरतील अशी वस्ती असेल तर हाय. मधल्याला सिग्निफिकंट म्हणतात. एखादं नवंकोरं, उत्तम बांधलेलं धरण शहराच्या डोक्यावर असेल तर ते 'हाय', आणि एखादं पोखरलेलं, सांडवा बुजलेलं धरण ओसाड माळावर असेल तर ते 'लो'. पेट्रोलपंपाजवळ सिगारेट ओढू नका ही पाटी असते ना, तशी ही पाटी आहे. पंप गळतोय की नाही ते पाटीवरून कळत नाही.

दुसरी अडचण अशी की ही पाटी लावली त्या दिवसाची असते. धरण जागेवर राहतं, खालची जमीन मात्र राहत नाही. मोठ्या रँचचे तुकडे पडतात, दहा-दहा एकरांचे प्लॉट होतात, शहरातली माणसं मोकळ्या हवेसाठी येऊन घरं बांधतात. या प्रकाराला इथले अभियंते 'हॅझर्ड क्रीप' म्हणतात, म्हणजे धोका सरपटत वर चढणं. आजोबांच्या धरणाखाली ओढ्याच्या काठाने दीडेक किलोमीटर गेलं की एक घर आहे. सहा वर्षांपूर्वीचं. अंगणात झोका आहे, दोन लहान मुलं आहेत. तो प्लॉट विकला कुणी? आजोबांनीच. गुरांच्या चाऱ्याची बिलं भागवायची होती.

आता कायदा काय म्हणतो ते बघू, कारण इथे गोष्ट खरी अडते. टेक्सासच्या नियमात धरणाखालच्या पूररेषेत एक किंवा दोन राहती घरं असली तर धरण 'सिग्निफिकंट' होतं. 'हाय' व्हायला तीन किंवा जास्त घरं लागतात, नाहीतर सात किंवा जास्त माणसं. शिवाय २०१३ साली कायम झालेली एक सूट आहे: धरण खाजगी जमिनीवर असेल, साठा ५०० एकर-फुटांपेक्षा कमी असेल, काउंटीची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या आत असेल, धरण नगरहद्दीबाहेर असेल आणि वर्ग 'हाय' नसेल, तर राज्याच्या धरण-सुरक्षा कार्यक्रमातून ते वगळलं जातं. देखभालीची जबाबदारी मालकाचीच राहते, पण तपासायला कुणी येत नाही. म्हणजे झोका असलेलं ते घर उद्या कागदावर नोंदलं गेलं, वर्ग 'लो'वरून 'सिग्निफिकंट' झाला, तरी सूट चालूच. हजारो धरणं अशी सुटली आहेत.

मला या सूटीमागचं कारण कळतं. राज्यात नोंदलेली धरणंच सात हजारांवर आहेत, निरीक्षक मोजके, आणि रँचवाल्याला सरकारी माणूस फाटकाशी आलेला आवडत नाही. मोजक्या माणसांनी आधी शहरांवरची धरणं बघावीत हे रास्तच आहे. पण ५०० हा आकडा ऐकायला जितका लहान वाटतो तितका तो नाही. १९७७ साली ६ नोव्हेंबरच्या पहाटे दीडच्या सुमारास जॉर्जिया राज्यात टोकोआ इथलं केली बार्न्स धरण फुटलं. खाजगी, मातीचं, सुमारे चाळीस फुटी. खाली एक बायबल कॉलेज होतं. ३९ माणसं गेली, त्यातली २० मुलं होती. त्या रात्री धरणातून सुटलेलं पाणी होतं साधारण ६३० एकर-फूट. १९८२ साली कोलोरॅडोतलं लॉन लेक धरण फुटलं तेव्हा ६७४ एकर-फूट पाणी सुटलं. ते धरण १९०३ सालचं, शेतकऱ्यांच्या पाणी कंपनीचं, २६ फूट उंचीचं. तीन माणसं गेली, एस्टेस पार्क गावाच्या मुख्य रस्त्यावरून चिखल वाहिला. पाणी किती यापेक्षा ते किती मिनिटांत सुटतं आणि वाटेत कोण झोपलेलं आहे, यावर सगळं ठरतं.

बरं, आता त्या ओल्या जागेकडे परत येऊ.

मातीचं धरण गळणारच. हे मी पहिल्याच भेटीत आजोबांना सांगितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. माती म्हणजे कणांमधल्या फटींचं जाळं. एका बाजूला वीस फूट पाणी उभं केलं की ते सावकाश दुसरीकडे झिरपणारच. आपल्याकडे तर पाणी झिरपावं म्हणूनच पाझर तलाव बांधतात. तेव्हा गळतं का, हा प्रश्नच नाही. गळताना ते पाणी एकटं येतंय की सोबत माती घेऊन येतंय, हा प्रश्न आहे.

एकटं येत असेल तर पाणी नितळ दिसतं. माती घेऊन येत असेल तर गढूळ. आणि गढूळ पाण्याचा अर्थ असा की धरणाच्या पोटात कुठेतरी जागा रिकामी होते आहे. हे पोखरणं बहुधा उलट्या दिशेने चालतं. जिथे पाणी बाहेर पडतं तिथले कण आधी सुटतात, मग त्यांच्या मागचे, मग त्यांच्या मागचे, आणि असं करत एक बारीक नळी पायथ्याकडून तळ्याच्या दिशेने सरकत जाते. ती तळ्याला भिडली की खेळ बदलतो. मग पाणी झिरपत नाही, वाहतं. नळी रुंदावते, वरचं छत कोसळतं आणि धरणाला खिंडार पडतं. पहिल्या टप्प्याला वर्षं लागू शकतात. शेवटच्याला कधी कधी तासभरही पुरतो.

ही नळी तयार व्हायची सगळ्यात लाडकी जागा म्हणजे धरणाच्या पोटातून जाणारा पाइप. पन्नास-साठच्या दशकांत पत्र्याचे पन्हाळी पाइप सर्रास घातले. पाइप गोल, त्यामुळे त्याच्या बगलेखाली माती नीट ठोकता येत नाही. तिथे पोकळी राहते आणि पाणी पाइपच्या बाहेरून, त्याला चिकटून वाट काढतं. त्या काळच्या अभियंत्यांनी यावर उपाय म्हणून पाइपाला ठरावीक अंतरावर आडव्या चकत्या बसवल्या, जेणेकरून पाण्याची वाट लांबेल. झालं उलटंच, चकत्यांच्या कोपऱ्यात तर माती ठोकणं आणखी अवघड. ऐंशीच्या दशकापासून विचार बदलला. आता पाणी अडवायच्या भानगडीत न पडता पाइपाभोवती योग्य जाडीच्या वाळूचा थर घालतात: पाण्याला जाऊ दे, मातीला धर. पण ही वाळू नव्या धरणांत. आजोबांच्या धरणात १९५०च्या दशकातला पत्र्याचा पाइप आहे, आणि असा पाइप पंचवीस ते पन्नास वर्षं टिकला तरी खूप झालं.

बिळांचाही हातभार असतो. इथे जंगली डुकरं भराव उकरतात, आर्माडिलो आणि गोफर बिळं करतात, बीव्हर सांडवा बुजवतो. आपल्याकडे २०१९ मध्ये चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटून वीसेक माणसं गेली आणि तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं, ते तुम्हाला आठवत असेल. लोक चिडले ते योग्यच होतं, पण मी इथे बसून जरा वेगळ्या कारणासाठी चिडले. प्राण्यांच्या बिळांनी मातीची धरणं कमकुवत होतात यात हसण्यासारखं काही नाही. अमेरिकेच्या फेमा या आपत्ती व्यवस्थापन संस्थेची त्यावर अख्खी पुस्तिका आहे. पण बीळ एका रात्रीत होत नाही. ते महिनोन्‌महिने दिसत असतं, गळती दिसत असते, तिवऱ्यात तर गावकऱ्यांनी ती सांगितलीही होती. खेकडा हे कारण म्हणून खरं असलं तरी सबब होऊ शकत नाही.

झाडांचंही तसंच. आजोबांच्या भरावावर मेस्किटची झाडं आहेत, आपल्या वेड्या बाभळीची सख्खी चुलत बहीण, आणि मुळं तितकीच हट्टी. झाड मेलं की मूळ कुजतं आणि मागे आयती नळी राहते. "मग उद्याच उपटून टाकतो," आजोबा म्हणाले. नको, म्हटलं. मोठं झाड मुळासकट उपटलं तर भरावात खड्डा पडतो. तळं खाली करून, मुळं काढून, खड्डा थराथराने ठोकून भरायला हवा. लहान रोपं मात्र आजच काढा.

यातून सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मी प्रत्येक मालकाला दोनदा सांगते. पायथ्याशी गढूळ पाणी यायला लागलं तर भोकात चिखल कोंबून ते बुजवू नका. हात आपोआप तिकडेच जातो, मला माहीत आहे. पण बाहेरचं तोंड बंद केलं तर आतलं पाणी थांबत नाही. ते दाब वाढवून दुसरीकडून फुटतं, बहुधा जास्त वाईट जागी. आधी खालच्या घरांना आणि काउंटीच्या आपत्ती कार्यालयाला फोन. मग, जवळ जाणं सुरक्षित असेल तरच, त्या जागेवर आधी वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठी खडी असा ढीग. चहाच्या गाळणीसारखं: पाणी येऊ द्यायचं, चोथा मागे ठेवायचा. आणि तळं रिकामं करायचं तर शक्य तिथे बेताने. पाणी झपकन उतरलं की आतल्या बाजूचा ओला भराव, त्याला टेकू देणारं पाणी गेल्यामुळे, घसरू शकतो.

पोखरण्याइतकंच मोठं दुसरं संकट म्हणजे पाणी डोक्यावरून जाणं. टेक्सास कोरडं आहे असं वाटत असेल तर थ्रॉल हे गाव लक्षात ठेवा. सप्टेंबर १९२१ मध्ये तिथे २४ तासांत ३८.२ इंच, म्हणजे ९७० मिलिमीटर पाऊस पडला. आपल्या २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ पडला होता. असा पाऊस आला तर धरणाचा जीव सांडव्यावर असतो. रँचवरचा सांडवा म्हणजे बहुतेक वेळा भरावाच्या कडेने काढलेली गवताची रुंद चारी, वर्षातले तीनशे साठ दिवस कोरडी. त्यामुळे तिचा मोह होतो. कुणी तिथून कुंपण नेतं, कुणी गवताचे भारे रचतं, कुणी 'थोडं जास्त पाणी साठू दे' म्हणून तिच्या तोंडाशी मातीचा उंबरा घालतं. २००६ मध्ये हवाईच्या कवाई बेटावर का लोको हे खाजगी धरण फुटून सात माणसं गेली, आणि चौकशीत निघालं की तिथे सांडवाच धड शिल्लक नव्हता. आजोबांच्या सांडव्यात जुना ट्रेलर उभा होता. तो त्यांनी त्याच दुपारी ओढून काढला, एवढं श्रेय मी घेते.

माझं संशोधन या दोन्ही संकटांच्या मधे कुठेतरी बसतं. धरणावरून पाणी गेलंच, किंवा आत नळी झालीच, तर माती किती वेगाने झिजेल? ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटरला अमेरिकन कृषी खात्याची एक जलप्रयोगशाळा आहे. तिथे ग्रेग हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी उघड्यावर दोनेक मीटर उंचीचे खरेखुरे बांध घालून त्यांच्यावरून मुद्दाम पाणी सोडलं. वाळूमिश्रित मातीचा बांध बघता बघता फुटला, चिकणमातीचा तासन्‌तास पाण्याखाली राहूनही तग धरून होता. त्यांनीच एक सुटसुटीत चाचणी बसवली: मातीवर पाण्याची बारीक धार सोडायची आणि खड्डा किती वेळात किती खोल होतो ते मोजायचं. मी धरणाधरणावरून मातीचे नमुने आणून हेच करते.

यातून कळणारी गोष्ट साधी आणि जरा भीतीदायक आहे. माती तीच, पण ठोकताना तिच्यात पाणी कमी असेल तर झिजण्याचा वेग शंभर पटींपर्यंत वाढू शकतो. तूप कमी पडलेला लाडू आठवा. वळला जातो, दिसतो छान, पण बोट लावलं की भुगा. आणि ही धरणं बांधली कधी? भर दुष्काळात. माती कोरडी ठणठणीत, भिजवायला पाणी कुठून आणणार, पाणीच हवं म्हणून तर धरण. बुलडोझरने ढकललेली ती कोरडी माती साठ-सत्तर वर्षं तशीच उभी आहे, तिची परीक्षा घेणारा पाऊस अजून आला नाही म्हणून. माझ्या नमुन्यांमध्ये तरी दुष्काळी बांधांची माती सरसकट जास्त झिजते आहे. नमुने थोडे आहेत, तेव्हा यापेक्षा मोठ्या आवाजात मी बोलणार नाही.

आजोबांच्या प्रश्नाला मी 'हो' किंवा 'नाही' म्हटलं नाही. त्याऐवजी गळतीखाली एक छोटी पन्हळ बसवली आणि त्यांना तीन गोष्टी मागितल्या: दर पंधरा दिवसांनी काचेच्या बरणीत पाणी धरून फोटो, पाच गॅलनची बादली भरायला लागलेले सेकंद, आणि तळ्यातल्या काठीवरची पातळी. एकटा कुठलाच आकडा कामाचा नाही. तळं चढलं आणि गळती वाढली तर ते समजण्यासारखं. तळं तिथेच आणि गळती वाढली, तर मात्र आत काहीतरी बदललं. आणखी एक विनंती केली, ती त्यांना जड गेली: खालच्या घरातल्या लोकांशी एकदा बोला, त्यांचा फोन नंबर घ्या. "त्यांना काय सांगू, माझं धरण तुमच्यावर पडेल म्हणून?" असं म्हणाले खरे, पण दोन महिन्यांनी गेले. सोबत घरची अंडी घेऊन.

परवाचा फोटो आलाय. बरणीतलं पाणी स्वच्छ आहे, तळाशी किंचित काहीतरी बसल्यासारखं वाटतं, पण बरणी नीट धुतली नसेल असंही असू शकेल. बादलीला ५१ सेकंद लागले. आधीच्या तीन वेळा ५८, ५८, ५७. काठीवरची पातळी तीच.

वाळूच्या गोण्या गाडीत टाकल्या आहेत. शनिवारी सकाळी निघते.